मान वळवलेला पिवळा घोडा

मी जन्माची भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी आम्ही माथेरानला गेलो होतो, तेव्हा वडिलांनी मला घोड्यावर बसवायचा खूप प्रयत्न केला. घोड्याने नुसतं नाक फुरफुरलं आणि मी असा टाहो फोडला की घोडेवालाच दचकला. समजूत काढायला वडिलांनी बाजारातून एक लाकडी घोडा घेऊन दिला. तो चावत नव्हता, फुरफुरत नव्हता, ठेवू तिथे मुकाट उभा राहायचा. घोडा हा प्राणी मला अशा रूपात पसंत पडला आणि तिथून हा नाद लागला.

आज बदलापूरच्या आमच्या घरात हॉलची एक अख्खी भिंत घोड्यांनी अडवली आहे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात माप देऊन करून घेतलेलं काचेचं शोकेस, आणि त्यात पितळी, चिनी मातीचे, सागवानी, प्लॅस्टिकचे, कागदाच्या लगद्याचे घोडे. माझे मिस्टर होते तेव्हा हौसेला मोल नसतं असं म्हणून सोडून द्यायचे. सासूबाई मात्र शोकेसला तबेला म्हणतात. मी धूळ पुसायला बसले की त्या विचारणार, "सगळे जागेवर आहेत ना गं? एखादा चरायला गेला असेल, बघ!"

मिस्टर गेल्यापासून घरात मी आणि सासूबाई अशा दोघीच असतो. सासूबाईंनी ऐंशी कधीच ओलांडली आहे, पण पाठ ताठ आणि जीभ त्याहून ताठ. माझी लेक आणि जावई शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. दोघंही नोकरीसाठी रोज मुंबईला जातात, म्हणून त्यांची चार वर्षांची मुलगी, माझी नात, बालवाडी सुटली की संध्याकाळपर्यंत आमच्याकडे असते. रविवारी सुट्टी असली तरी ती सकाळी धावत येतेच, कारण पणजीची पूजा तिला बघायची असते.

मी निवृत्त होईपर्यंत अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम केलं. कुठला रंग कशामुळे पिवळा होतो, कशामुळे लाल, आणि त्यातलं काय पोटात गेलं तर माणसाचं काय होतं, हे मला पाठ आहे. माहिती असलेला भित्रा माणूस घरच्यांना फार छळतो. नातीने खडू चाटला की मी तिला चूळ भरायला लावते. हवेत जरा कुठे केमिकलचा वास आला की खिडक्या लावत सुटते. लेक म्हणते, "आई, तुझं म्हणजे रोजचंच लांडगा आला रे आला." सासूबाई एका वाक्यात विषय मिटवतात, "भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस."

तो घोडा मला उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये मिळाला. तिथल्या एका गल्लीत जुन्या वस्तूंचं दुकान आहे. मालक सिंधी, वयस्कर, मला ओळखणारे. त्या दिवशी मी आत शिरताच ते म्हणाले, "आओ मॅडम, आज तुमच्यासाठी एक चीज ठेवली आहे. पण भाव नाही करायचा, पहलेच सांगतो." आणि त्यांनी काउंटरच्या मागून फडक्यात गुंडाळलेला घोडा काढून माझ्या हातावर ठेवला.

हात खाली गेला. एवढासा घोडा, माझ्या पंजात मावणारा, आणि वजन असं की दुसरा हात लावावा लागला. माझ्याकडचे बाकी सगळे घोडे समोर बघतात. धावणारे समोर, उभे असलेले समोर, चरणारे खाली. या घोड्याने मान पूर्ण मागे वळवली होती. कुणीतरी ओळखीची हाक मारावी आणि त्याने जाता जाता थांबून बघावं, तसा. मागचा एक पाय किंचित उचललेला, खूर अजून जमिनीला न टेकलेला. जावं की थांबावं हे त्याचं ठरत नव्हतं. घडवणाऱ्याने मानेच्या कातडीला वळताना पडतात तशा तीन बारीक घड्यासुद्धा घातल्या होत्या. आणि रंग पिवळा, अंगभर, ताज्या हळदीसारखा, इतक्या वर्षांत जराही न विटलेला.

"कुठून आला?" मी विचारलं.

"एका फॅमिलीच्या ट्रंकेतून. त्यांचे दादा-परदादा सिंधहून येताना घेऊन आले होते. आता पोरांना नको आहे," ते म्हणाले. त्यांना तेवढंच ठाऊक होतं.

मी तो उलटा केला. पोटाखाली थोडा रंग खरवडला होता आणि आत करडा, मऊ धातू दिसत होता. पिशवीतल्या बिलाच्या मागे घासून पाहिला, तर पेन्सिलीसारखी रेघ उठली. शिसं. वरचा पिवळाही शिशाचाच, तो तर मी झोपेत ओळखला असता. असा न विटणारा पिवळा आमच्या कारखान्यात मी वर्षानुवर्षं पाहिला होता आणि हातमोजे घालून पाहिला होता. पण काचेआड ठेवलेलं शिसं कुणाचं काही बिघडवत नाही. घरी येऊन हात धुतले, घोडा सगळ्यात वरच्या कप्प्यात मधोमध ठेवला, नातीचा हात पोचणार नाही असा. घरात सगळ्यांना सांगितलं, "याला कुणी हात लावायचा नाही." पण हे मी प्रत्येक घोड्याबद्दल सांगायचे, त्यामुळे कुणी कारण विचारलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या बहिणीचं नाशिकला खुब्याचं ऑपरेशन झालं. तिच्याकडे दुसरं कुणी नाही, म्हणून मी गेले. थोडे दिवस म्हणून गेले आणि चांगले दोन-अडीच महिने अडकले. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. नात जेवत नाही. नातीचं पोट दुखतं. पोट साफ होत नाही. फार चिडचिड करते, बालवाडीत एका मुलाला चावली. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली, लेक म्हणाली जंत झाले असतील, औषध दिलं आहे. मी तिकडून सल्ल्यांचा मारा केला, तेव्हा लेक म्हणाली, "आई, तू मावशीकडे लक्ष दे. इथे आम्ही आहोत ना."

मी परत आले तो रविवार होता. दार उघडंच होतं. चपला काढता काढता सवयीने नजर शोकेसकडे गेली आणि वरच्या कप्प्यात मधोमध रिकामी जागा दिसली. मला वाटलं, चोरी झाली. त्या वेळी मला ती भीती फार मोठी वाटली होती.

"आई, घोडा कुठे गेला?" असं ओरडतच मी स्वयंपाकघरात शिरले.

आमचं देवघर स्वयंपाकघरातच आहे. सासूबाई पूजेला बसल्या होत्या. आम्ही मूळचे देशावरचे, कुलदैवत खंडोबा. देवघरात चांदीचे टाक आहेत, आणि पूर्वी खंडोबाचा एक पितळी घोडाही होता. भाड्याचं घर बदलताना तो कुठे हरवला, त्याची रुखरुख सासूबाईंना कायम होती. आता ताम्हनात, टाकांच्या शेजारी, माझा घोडा उभा होता.

पण तो पिवळा नव्हता. आयाळीच्या रेघांमध्ये आणि मानेच्या त्या तीन घड्यांमध्ये तेवढा पिवळा उरला होता. पाठ, पोट, पाय, सगळं करडं आणि चकचकीत. बाजूला वाटीत चिंचेचा कोळ होता. पितळी देव जसे चिंचेने घासतात, तसा त्यांनी तो घासला होता. रोज पाण्याने स्नान, रविवारी पंचामृताने. दह्याने. आंबटात शिसं सुटतं.

रंग गेला कुठे? हा प्रश्न मला पडला, आणि त्याचं उत्तर समोर पाटावर बसलं होतं. माझी नात, उजव्या तळव्याचा खळगा करून, डावा हात त्याखाली धरून, आणि पणजी ताम्हनातल्या पाण्याची पळी त्या खळग्यात रिकामी करत होती.

"पिऊ नकोस!"

मी कशी ओरडले मला ठाऊक नाही. शेजारीण बाहेर आली इतकी ओरडले. नातीचा हात मी झटकला, तीर्थ फरशीवर सांडलं, पळी उडाली. नात भोकाड पसरून रडायला लागली. सासूबाई थक्क होऊन बघत राहिल्या आणि मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"तीर्थ लवंडलंस? खंडोबाचं तीर्थ? वेड लागलं का तुला?"

नातीला उचललं, बेसिनपाशी नेलं, हात धुतले, तोंड धुतलं, परत हात धुतले. ती माझ्या खांद्याला घट्ट धरून हुंदके देत होती आणि तिचं वजन मला कमी वाटलं. खरंच कमी होतं की भीतीने वाटलं, मला सांगता येणार नाही. फोनवर ऐकलेलं एकेक डोक्यात येऊन उभं राहत होतं. पोटदुखी. भूक नाही. पोट साफ नाही. चिडचिड. कारखान्यात आम्हाला हे शिकवलेलं होतं. कामगारांच्या रक्ताची तपासणी व्हायची, आणि त्यांना विचारायचे ते प्रश्न हेच असायचे. पण ते दांडगे पुरुष होते. लहान मुलांचं मी फक्त वाचलं होतं. मोठ्यांचं पोट दुखतं आणि लहानांच्या डोक्यावर परिणाम होतो, असं वाचलं होतं.

लेक धावत आली. मी घाबरले की अखंड बडबडते, हे तिला ठाऊक. त्या दिवशी मी गप्प होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि एकदाही लांडगा म्हणाली नाही. "आई, किती वाईट आहे?" एवढंच विचारलं.

"रक्त तपासलं की कळेल," मी म्हणाले. "आत्ता चल."

बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. रक्त घेतलं. रिपोर्ट मुंबईहून यायला थोडे दिवस लागतील म्हणाल्या. ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. नात खेळताना अडखळली की मला वाटायचं, पायात शक्ती नाही. रंगाचं नाव चुकली की वाटायचं, झालं, विसरायला लागली. मी तिला दहादा विचारायचे, कावळा कोणत्या रंगाचा, पोपट कोणत्या रंगाचा. शेवटी ती वैतागून म्हणाली, "आजी, तुला येत नाही का?" लेक हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग आम्ही दोघी रडलो, बाथरूमचा नळ सोडून, सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून.

कारण सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नव्हतं. घोडा मी हातमोजे घालून प्लॅस्टिकच्या डब्यात बंद केला होता आणि तो डबा माळ्यावर ठेवला होता. ताम्हन घासून घासून झिजवलं. त्यांना एवढंच म्हटलं की तो पूजेचा नाही. त्या माझ्याशी बोलेनात. एक दिवस मात्र भाजी निवडताना स्वतःहून म्हणाल्या, "मी चोरला नाही गं. मी केर काढत होते, तर तो माझ्याकडे मान वळवून बघत होता. अंगावर भंडाऱ्याचा रंग. मला वाटलं, आपलाच हरवलेला परत आला. तू इथे नव्हतीस, नाहीतर विचारलं असतं."

मी मेथीची पानं खुडत राहिले. त्यांच्या जागी मी असते आणि मला शिशाचं काही ठाऊक नसतं, तर मलाही तसंच वाटलं असतं. त्याने मान वळवलेली होती म्हणून तर मीही भुलले होते. आणि खरं सांगते, माळ्यावर त्या डब्यात तो आहे, त्याची मान अजून वळलेलीच आहे, हे आठवलं की भीतीबरोबर त्याच्याबद्दल मायाही वाटायची. या मायेची मला जास्त भीती वाटली.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिसं आहे, असायला नको तेवढं आहे, पण दवाखान्यात ठेवून औषधं द्यावीत इतकं नाही. आता ते पोटात जाणं थांबलं आहे, तर हळूहळू उतरेल. लोह द्या, दूध द्या, नीट जेवू घाला, परत तपासू. लेकीने विचारलं, "पुढे काही परिणाम?" त्या म्हणाल्या, "लक्ष ठेवायचं. आज मी तुम्हाला हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही." येताना आम्ही रिक्षा केली. नात मध्ये बसून पाय हलवत होती.

त्या रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "झालं ते झालं. तुला तो देवघरात नको असेल तर नको. पण एकदा पुजलेला देव माळ्यावर कोंबत नाहीत. त्याचं विसर्जन कर. बारवी धरणावर जाऊ, मी येते. वाहत्या-साठत्या पाण्यात सोडला की आपण मोकळे."

"पाण्यात नाही सोडायचा," मी म्हणाले.

"का? गणपती सोडतो तो?"

"आई, बारवीचंच पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन आपल्या नळाला येतं. या घोड्याचं पाणी पिण्यासारखं नाही. तो धातू..." आणि मी थांबले. पण उशीर झाला होता. सासूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे, पण त्या मूर्ख नाहीत. तीर्थ का लवंडलं, नातीचं रक्त का काढलं, आम्ही नळ सोडून का रडतो, हे सगळं त्यांनी एका क्षणात जोडलं.

"म्हणजे मी..." त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने?"

मी त्यांचा हात धरला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं," मी म्हणाले. "कुणालाच ठाऊक नसतं."

"तुला ठाऊक होतं."

त्या रागाने नाही म्हणाल्या. खरं तेच म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तिला काय होईल?" मी म्हणाले, लक्ष ठेवायचं. डॉक्टरांनी सांगितलेलंच सांगितलं. त्यांचंही रक्त तपासू म्हटलं, तर मान हलवली. "मी पिकलं पान. माझं काय तपासता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पूजा केली, पण मला हाक मारली नाही. नात आली तेव्हा देवघराची दारं लोटलेली होती. "पणजी, तीर्थ?" म्हणत ती हात पुढे करून उभी राहिली. सासूबाई म्हणाल्या, "देव झोपलेत." हे रोज चाललं. नात रोज विचारायची आणि देव रोज झोपलेले असायचे. आधी मी एकटी घाबरत होते. आता घरात दोघी घाबरणाऱ्या झालो. सासूबाई तिच्या हातात काहीही द्यायच्या नाहीत. लाडू असो, केळं असो, ताटात ठेवायच्या आणि बाजूला व्हायच्या. आयुष्यात मला भित्री म्हणून चिडवणाऱ्या या बाईला असं बघणं मला सहन होत नव्हतं. मला वाटायचं, एकदा तरी त्यांनी तबेल्यावरून बोलावं.

घोड्याची सोय मी कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्यामार्फत केली. तिथला घातक कचरा सीलबंद होऊन जिथे रीतसर पुरला जातो, तिथे तो डबाही गेला. देण्याआधी मी झाकण उघडून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिलाच नसता.

दुसऱ्या तपासणीचा निकाल लेकीने फोनवर सांगितला. उतरलं होतं. अजून पूर्ण नाही, पण चांगलं उतरलं होतं. नात जेवायला लागली होती, पोटाची तक्रार नव्हती, बालवाडीत कुणाला चावली नव्हती. मी फोन ठेवला आणि सासूबाईंना सांगितलं. त्या डोळे मिटून नुसत्या बसल्या. मग पदराने तोंड पुसलं.

पुढच्या रविवारी नात आली तेव्हा देवघराची दारं उघडी होती. ती पळतच पाटावर जाऊन बसली आणि तळव्याचा खळगा केला. "पणजी, घोडा कुठे गेला?" तिने विचारलं.

"चरायला," सासूबाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी.

त्यांनी पळी भरली. पळी नातीच्या हातावर आली, वर थांबली आणि माझ्याकडे वळली.

"आधी तू," त्या म्हणाल्या.

ताम्हन तांब्याचं. टाक चांदीचे. पाणी नळाचं, मीच सकाळी उकळून ठेवलेलं. सगळं ठाऊक होतं, तरी मी मनात परत एकदा मोजलं. मी हात पुढे केला, तीर्थ घेतलं, प्यायले. नात आणि तिची पणजी दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी मान डोलावली.

तेव्हा सासूबाईंनी तिच्या तळव्यावर तीर्थ सोडलं. दोनच थेंब. पूर्वी पळीभर द्यायच्या.